पाचचा वर्ग

मी गेले होते टाके उसवायला. एवढंच काम होतं.

पिशवीत दोन कात्र्या, टाके उसवायची छोटी सुरी, टॉर्च आणि पाण्याची बाटली. दुपारचे पावणेचार वाजले असतील. दुकानाचं दार ओढून घेतलं, शेजारच्या घड्याळवाल्याला 'तासाभरात येते' म्हणून सांगितलं आणि निघाले. मघाशी तुम्ही विचारलंत ना, एवढ्या मोठ्या हॉलमध्ये एकटीनं थांबायला भीती वाटत नाही का म्हणून? बाकीच्या यायला अजून अवकाश आहे. बसा निवांत, सांगते.

तेव्हा बाईंना जाऊन आठवडा झाला होता. बाई म्हणजे ज्यांनी हा वर्ग काढला त्या. बेली डान्स शिकवायच्या. तीस वर्षं, याच हॉलमध्ये, रोज संध्याकाळी पाच वाजता. सुरुवातीला लोक जिन्याखाली उभे राहून शिट्ट्या मारायचे. येताजाता 'पोटवाली बाई' म्हणून हाका मारायचे. बाईंनी काय करावं? रंगाऱ्याला बोलावलं आणि दारावर हातभर मोठी पाटी रंगवून घेतली: 'पोटवाल्या बाईंचा नृत्यवर्ग.' 'वाली'चं तेवढं 'वाल्या' केलं. म्हणाल्या, "मान कुणी देत नसेल तर आपला आपण घ्यावा." महिनाभरात शिट्ट्या बंद. चिडवायचंच नाव पाटीवर आल्यावर चिडवणार काय, कपाळ?

मी त्यांचे कपडे शिवायची. कंबरपट्टे, त्यांना लटकणाऱ्या धातूच्या चकत्या, घेरदार घागरे. पहिल्यांदा पट्टा द्यायला आले तेव्हा माझी गर्भाची पिशवी काढल्याला चार महिने झाले होते. वय एकतीस. उभी राहिले की एक हात आपोआप पोटावर जायचा, काहीतरी सांडेल अशा भीतीनं धरून ठेवल्यासारखा. बाईंनी पट्ट्याकडे पाहिलंच नाही. माझ्या हाताकडे पाहिलं.

"ऑपरेशन?"

"हो."

"हात लावू का?"

तोवर कुणी विचारलं नव्हतं हो. डॉक्टरांनी नाही, नवऱ्यानं नाही, सासूनंही नाही. सगळे सरळ दाबूनच बघायचे. मी मान हलवली. बाईंनी तळवा ठेवला. लवंगेच्या तेलाचा वास आला. गुडघ्यांना लावायच्या त्या. म्हणाल्या, "इथे लाज साठलीये. बाकी सगळं ठणठणीत आहे. उद्या पाचला या."

त्यानंतर अकरा वर्षं मी पाचचा वर्ग चुकवला नाही.

बाई गेल्या त्या यकृताच्या आजारानं. पोटात पाणी व्हायचं. दवाखान्यातही थट्टा करायच्या, "आयुष्यभर पोट हलवायला शिकवलं, आता बघ, आपलं आपणच हलतंय." शेवटच्या दिवशी माझं मनगट धरून एकच बोलल्या, "पाचचा वर्ग बंद पडू द्यायचा नाही." मी म्हटलं, "नाही पडणार, बाई." आणि त्याच संध्याकाळी त्यांच्या भावानं हॉलला कुलूप घातलं. आम्ही चौदा जणी जिन्यात जमलो, कुलूप पाहिलं, एकमेकींची तोंडं पाहिली आणि उतरून घरी गेलो. चौदा जणी! एकीच्याही तोंडून शब्द फुटला नाही. ते मला अजून खातं.

भाऊ म्हणजे सर. शाळेचे मुख्याध्यापक होते, निवृत्त झाले तरी रस्त्यानं जाताना लोक बाजूला सरकायचे. हॉल मुळात त्यांच्या वडिलांचं कापडाचं गोदाम, त्यामुळे बाईंमागे हक्क सरांचाच. सातव्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला.

"ते कपडे तुम्हीच शिवलेत ना?"

"हो, सर."

"मग तुम्हीच उसवा. कापड वेगळं, चकत्या वेगळ्या, अस्तर वेगळं. कशाचे होते ते ओळखू येता कामा नये. उद्या शोकसभा आहे. त्याआधी हॉल रिकामा हवा. अभ्यासिका काढतोय, तिच्याच नावानं."

मी हो म्हटलं. का म्हटलं तेही सांगते. मला बाईंचा काळा पट्टा चोरायचा होता.

*

दुसऱ्या मजल्यावर कवळ्या बनवणाऱ्या काकांची खोली आहे, तुम्ही येताना पाहिली असेल. दाताच्या डॉक्टरांना कवळ्या करून देतात. त्या दिवशी मी वर जाताना ते दारातच उभे होते. डोळ्याखाली काळं आलेलं.

"वर चाललात?"

"हो काका. कपडे आणायला."

"पाचच्या आत उतरा."

"का?"

त्यांनी मला आत बोलावलं. लांबट टेबलावर कवळ्यांची रांग मांडलेली होती. गुलाबी हिरड्या, पांढरे दात. काकांनी आवाज इतका खाली आणला की मला वाकावं लागलं.

"तुम्ही बायका आता येत नाही ना वर?"

"कुलूप आहे. कशा येणार?"

"तेच तर... रोज पाच वाजले की यांची थरथर सुरू होते. आधी एक. मग दुसरी. मग सगळ्या. दात दातांवर आपटतात आणि..." ते छताकडे बघायला लागले. "तीस वर्षं ऐकतोय मी. तुमचा वर्ग मला पाठ आहे. पहिली दहा मिनिटं टाचा, मग थरथर, मग पोटाच्या लाटेच्या वेळी सगळं शांत. आठवडाभर... सगळं तसंच चाललंय."

मी हसले. खोटं कशाला बोलू, थोडं मोठ्यानंच हसले. म्हटलं, "काका, तुम्हाला सुट्टीची गरज आहे." ते हसले नाहीत. एकेक कवळी उचलून फडक्यात गुंडाळायला लागले.

वर आले. हॉलचं दार उघडं होतं आणि सर उंबऱ्यावर उभे. आत नाही, बाहेर नाही. कडक इस्त्रीचा शर्ट, घट्ट आवळलेला पट्टा, हातात चाव्यांचा जुडगा. आत अंधार होता. सरांनी वीज तोडून घेतली होती, खिडक्यांच्या झडपा लावल्या होत्या. आणि आरसा... हा समोरचा, भिंतभर आरसा. त्यावर वरपासून खालपर्यंत वर्तमानपत्रं चिकटवली होती. खळीचा आंबूस वास येत होता.

"आरसा का झाकलात, सर?"

"अभ्यासिकेत आरसा कशाला लागतो?" ते म्हणाले. मग जरा थांबून, "आधी एक सांगा. चावी कुणाकडे आहे?"

"कसली चावी?"

"नाटकं नकोत. मी रोज सकाळी ते कपडे चादरीत बांधतो. घट्ट गाठ मारतो. दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर गाठ सुटलेली, आणि पट्टे जमिनीवर मांडलेले. तुमच्यापैकी कुणीतरी येतंय. आज मुद्दाम तसंच ठेवलंय, बघा."

त्यांनी टॉर्चचा झोत आत टाकला. चादर मधोमध पसरलेली होती, आणि तिच्यापुढे पट्टे. चौदा. तीन रांगांत. मी आत गेले आणि एकेक पट्टा ओळखायला लागले. माझा हिरवा पट्टा दुसऱ्या रांगेत, खांबाला लागून. मी तिथेच उभी राहायची. माझ्या पुढचा केशरी, तो दवाखान्यातल्या आयाबाईंचा. त्यांचीच जागा. कोपऱ्यातला निळा पोस्टातल्या ताईंचा, त्यांना एका कानानं ऐकू येत नाही म्हणून बाई त्यांना ढोलाजवळ उभं करायच्या. प्रत्येक पट्टा ज्याच्या त्याच्या जागी. ही मांडणी सरांना माहीत असणं शक्य नव्हतं. आणि आमच्यातली एकही चावी असूनही इथे एकटी आली नसती.

सगळ्यांच्या पुढे, आरशाकडे पाठ करून, एक जागा रिकामी होती. बाईंचा काळा पट्टा तिथे नव्हता. मी चादर झटकली, कपाट पाहिलं, ढोलाच्या मागे पाहिलं. काळा पट्टा कुठेच नव्हता.

"काय शोधताय?" दारातून आवाज आला.

"काही नाही."

"मग बसा कामाला. पाचच्या आत आटपा." आता मला कळलं की ते आत का येत नव्हते. पाचची भीती त्यांनाही होती.

*

खांबाशी बसले. टॉर्च जमिनीवर ठेवला आणि माझाच हिरवा पट्टा मांडीवर घेतला. स्वतः घातलेला टाका स्वतः उसवणं फार वाईट असतं हो. बोटांना तो टाका घातल्याचा दिवस आठवत असतो. पहिली चकती सुटली, फरशीवर... नाही, ही फरशी नव्हे, लाकूड आहे, त्यामुळे आवाजही बोदा आला. दुसरी सुटली. सुरीच्या टोकाला धागा अडकत होता. लवंगेचा वास येत होता. म्हटलं, कपड्यांनाच असेल.

सर दारातून बोलत होते. मला सांगत होते की स्वतःला, कोण जाणे.

"सभेत मी काय वाचणार ऐका. 'माझी ज्येष्ठ भगिनी, योगशिक्षिका, यांनी तीन दशकं स्त्रियांच्या आरोग्यासाठी...' कसं आहे?"

"बाई योग शिकवत नव्हत्या, सर."

"आरोग्यासाठीच होतं ना? मग झालं."

"त्या बेली डान्स शिकवत होत्या."

ते एकदम तडकले. "मला सांगताय? तीस वर्षं! तीस वर्षं मी वर्गात शिरलो की फळ्यावर कुणीतरी पोट काढून ठेवलेलं असायचं. एक गोल आणि मधे ठिपका. मी आधी डस्टर घ्यायचो, मग हजेरी. कुणी काढलं म्हणून एकदाही विचारलं नाही. काय विचारणार? माझ्या मुलीच्या लग्नात ताईला मागच्या रांगेत बसवलं मी. तिनं तक्रार केली नाही. तिची ती बेफिकिरी... तीच सहन व्हायची नाही मला. आता तरी ती मला नीट वागवू दे."

क्षणभर मला त्यांची दया आली. खरंच आली. पण हात थांबला होता. मी सुरी खाली ठेवली.

"सर, मी नाही उसवणार."

"काय?"

"हे टाके मी घातलेत. मी नाही उसवणार. तुम्हाला जाळायचे असतील तर जाळा, पण माझ्या हातानं नाही. आणि उद्या सभेत तुम्ही योग म्हणालात तर मी उभी राहून सांगेन."

सर उंबरा ओलांडून आत आले. रागानं आले. चार पावलं टाकली असतील... तेवढ्यात दार लागलं. धाडकन नाही. कुणीतरी वर्ग सुरू होताना हळूच लोटून घेतं तसं.

खाली कुठेतरी घड्याळानं पाचचे ठोके दिले.

आणि मग टाचा.

आधी एकच. मग तिच्या जोडीला दुसरी. अनवाणी टाचा लाकडावर. दुम... तक. दुम... तक. आवाज कुठून येतोय ते कळेना. माझ्या पुढून, मागून, डाव्या बाजूनं, माझ्या अगदी शेजारून... मी खांबाला चिकटले. टॉर्चचा उजेड जमिनीवर पसरला होता आणि त्या उजेडात कुणी नव्हतं. धूळ मात्र उडत होती. रांगेनं उडत होती.

"कोण आहे?" सर ओरडले. मुख्याध्यापकाचा आवाज. "कोण आहे तिथे? बाहेर या!"

टाचा थांबल्या नाहीत. खालच्या मजल्यावरून, फडक्यात गुंडाळूनसुद्धा, बारीक कडकड ऐकू येत होती. दातांवर दात.

मग पट्टे. जमिनीवर पडल्या पडल्या त्यांच्या चकत्या शहारायला लागल्या. माझ्या मांडीवरचाही. मी तो झटकून टाकला. थरथर वाढत गेली, इतकी, की कानात दुसरं काही मावेना. आणि एकाएकी सगळं शांत.

काका म्हणाले होते. लाटेच्या वेळी सगळं शांत.

"सर," मी कुजबुजले, "आरशाकडे बघा..."

वर्तमानपत्रं हलत होती. वारा नव्हता. सगळा कागद नव्हताच हलत. जमिनीपासून साधारण कंबरेच्या उंचीवर, एका ओळीत, कागद फुगत होता. एके ठिकाणी फुगवटा यायचा, वर सरकायचा, आत जायचा. शेजारी दुसरा. शेजारी तिसरा. मी मोजले. मोजायला नको होते. चौदा. चौदा पोटं कागदामागे एकदम श्वास घेत होती, एकदम सोडत होती... आणि अजिबात आवाज नव्हता. कागद चरचरतो ना? तोही नाही.

"ताई..." सरांचा आवाज. मी कधीच न ऐकलेला आवाज. "ताई, माझं पोट..."

मी टॉर्च उचलला. सर दारापाशी उभे होते. दोन्ही हात अंगापासून लांब धरलेले. शर्टाखाली त्यांचं पोट हलत होतं. खालून वर, वरून खाली, एक गुळगुळीत, सुरेख लाट. आम्हाला ती जमायला दोन-दोन वर्षं लागतात. त्या आवळलेल्या पट्ट्याच्या आत, त्या ताठ माणसाच्या अंगात ती वाहत होती आणि त्यांचा चेहरा... बघवत नव्हता.

"ऐकत नाहीये... माझं ऐकत नाहीये... श्वास..."

लाटेला श्वासाची जोड लागते. वर जाताना घ्यायचा, खाली येताना सोडायचा. ते नुसते घेतच होते. घेत होते आणि सोडता येत नव्हता. ओठ निळसर व्हायला लागले. शर्टाचं एक बटण तुटून माझ्या पायाशी आलं.

खरं सांगते, एका क्षणी मला वाटलं, होऊ दे. घेऊ दे ना त्यालाही एकदा अंगावर. तीस वर्षं ज्याची लाज वाटली ते एकदा स्वतःच्या पोटातून जाऊ दे. असं मनात आलं माझ्या. आणि ते मनात आलं त्याच क्षणी लाट दुप्पट जोरानं उसळली. माझं ऐकल्यासारखी.

तेव्हा मला बाईंचा राग आला.

हो, बाईंचा. घाबरले होतेच, दातखीळ बसायची वेळ आली होती, पण त्याहून जास्त राग आला. मी त्या रिकाम्या जागेकडे तोंड करून उभी राहिले, जिथे त्या उभ्या राहायच्या. काही दिसत नव्हतं. लवंगेचा वास मात्र तोंडावर येत होता, कुणीतरी अगदी समोर असल्यासारखा.

"बाई," मी म्हटलं. पुन्हा म्हटलं. "बाई, हे तुम्ही शिकवलेलं नाही."

कागद फुगलेले तसेच थांबले.

"अकरा वर्षांत तुम्ही कुणाच्याही पोटाला न विचारता हात लावला नाहीत. आज का? मेलात म्हणून? मेलात म्हणून नियम बदलतो? त्यांना विचारलंत का तुम्ही? विचारा आधी!"

काही झालं नाही. मी तीन आकडे मोजले असतील. मग सरांनी एकदम मान उजवीकडे वळवली, कानाशी कुणी बोलल्यासारखी. मला काही ऐकू आलं नाही. शपथेवर सांगते, मला काहीच ऐकू आलं नाही. पण सरांनी डोळे मिटले, लहान मुलासारखी मान हलवली आणि म्हणाले,

"नको... नको, ताई."

लाट थांबली. श्वास सुटला त्यांचा, असा मोठा, आणि ते भिंतीला टेकून खाली बसले.

पण वर्ग थांबला नव्हता. कागदामागचे फुगवटे पुन्हा हलायला लागले, टाचा पुन्हा वाजायला लागल्या. धीरानं. आता ते आम्हाला काही करत नव्हते. नुसतं चालू होतं, रोजच्यासारखं, आमच्यावाचून. आणि तेच मला सगळ्यात झोंबलं. चौदा जणी कुलूप बघून घरी गेलो होतो, म्हणून मेलेल्या बाईला वर्ग घ्यावा लागत होता.

मी पुढे गेले. पायाखाली लाकूड थडथडत होतं. त्या रिकाम्या जागेवर जाऊन उभी राहिले. इतकी थंडी मी कधी अनुभवली नाही, गार पाण्यात उभं केल्यासारखी. टॉप वर खोचला. आडवा व्रण आहे माझा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तो उघडा टाकला. आणि मांडीवर तळवा मारला.

"मी घेते, बाई. आजपासून वर्ग मी घेते. तुम्ही सरका बाजूला."

दुम.

"ऐकलंत का? सरका!"

मी ताल धरला. त्यांच्यापेक्षा हळू. टाचा काही वेळ ऐकेनात, पुढे पळायला बघत होत्या. मी मोठ्यानं आकडे म्हणत राहिले. एक, दोन, तीन, चार. आणि हळूहळू, एकेक करून, त्या माझ्या तालात आल्या. मी हळू केलं, त्या हळू झाल्या. शेवटी मी हात वर केला. सगळं थांबलं.

मी आरशापाशी गेले आणि कागद ओरबाडून काढला. नखं मोडली. मागे काच होती, काचेत मी, खांब आणि खाली बसलेले सर. दुसरं कुणी नव्हतं. फक्त काचेवर वाफ धरली होती. तोंडाच्या उंचीवर नाही. पोटाच्या.

*

मी सरांना पाण्याची बाटली दिली, ते दोन घोट प्यायले. उठताना माझा हात धरला आणि एवढंच विचारलं, "ती... रागावली होती का?"

"माहीत नाही, सर."

"लहानपणी गुदगुल्या करायची मला. मी नको म्हटलं की लगेच थांबायची."

दुसऱ्या दिवशीच्या सभेला सभागृह भरलं होतं. निम्मे लोक सरांमुळे, निम्मे कुतूहलानं. आम्ही चौदा जणी साध्या कपड्यांवर कंबरपट्टे बांधून गेलो आणि पहिल्या रांगेत बसलो. आयाबाई मला म्हणाल्या, "हाकललं तर?" मी म्हटलं, "हाकलू देत. चकत्या वाजवत जाऊ."

सर उभे राहिले. कागद उघडला. मग खिशातून पेन काढलं आणि सगळ्यांसमोर एक शब्द खोडला. 

"माझी मोठी बहीण," ते म्हणाले, "बेली डान्स शिकवायची."

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

सरांनी चष्मा काढला. "मागच्या रांगेत कोण हसलं? उभं राहा."

आणि काय सांगू तुम्हाला, चांगला चाळिशी उलटलेला, टक्कल पडलेला गृहस्थ उठून उभा राहिला. त्यांचाच जुना विद्यार्थी असणार. सर त्याच्याकडे बघत म्हणाले, "फळ्यावर ते तूच काढायचास ना? उभा राहा. माझं होईपर्यंत उभा राहा." तो वीस मिनिटं उभा होता. सरांनी ताईबद्दल सगळं सांगितलं, मुलीच्या लग्नातली मागची रांगसुद्धा.

अभ्यासिका झाली नाही. बाईंचा काळा पट्टाही कधी सापडला नाही. चावी सरांनी माझ्या हातात दिली. स्वतः मात्र त्यानंतर या जिन्याची एकही पायरी चढलेले नाहीत. रस्त्यात भेटले की विचारतात, "वर्ग वेळेवर सुरू होतो ना?" मी म्हणते, "पाचला, सर." ते मान हलवतात आणि पोटाशी हात नेतात.

तर भीतीचं म्हणाल, तर वाटते. कुणी सांगितलं वाटत नाही म्हणून? कुलूप काढताना रोज हात गार पडतो. पण पाचला दार मीच उघडते, त्यांच्याआधी. आजारपण असो, संप असो, एक दिवस चुकवला नाही. मी चुकवला तर वर्ग कोण घेईल ते मला माहीत आहे, आणि ते मला होऊ द्यायचं नाही.

मागच्या महिन्यात या कोपऱ्यातल्या दोन फळ्या कुरकुरायला लागल्या म्हणून सुताराला बोलावलं. म्हातारा, शहाणा माणूस आहे, उगाच बडबड करणारा नाही. भर दुपार होती. त्यानं खिळे काढले, पहिली फळी उचलली. खाली स्लॅब, मधे जेमतेम चार बोटांची पोकळी, कोळिष्टकं. फळी वरून झिजली होती, ते बरोबरच आहे, तीस वर्षं टाचा पडताहेत. त्यानं ती उलटी केली आणि हातातला हातोडा खाली ठेवला.

"काय झालं?"

"गोदामाचा हॉल केला तेव्हा जुन्या फळ्या उलटून टाकल्या होत्या का?"

"नाही. बाईंनी नव्याच टाकून घेतल्या होत्या. का?"

त्यानं फळी माझ्याकडे वळवली. खालची बाजूही झिजलेली होती. वरच्यापेक्षा जास्त. टाचांचे खळगे, पुढे पाचपाच बोटांचे, गुळगुळीत, जिथे उंदीरही नीट फिरू शकत नाही तिथे. त्यानं एका खळग्यात तळवा ठेवला आणि चटका बसल्यासारखा उचलला.

"ताई," तो हळूच म्हणाला, "गरम आहे हो..."